खाडीचे तोंड आणि गडाचा माथा: पेण-रोह्यावरील लष्करी सत्तांची तीन शतके

पेण, नागोठणे आणि रोहे ही तिन्ही गावे खाडीच्या वरच्या टोकाला वसलेली आहेत. भरतीचे पाणी जिथपर्यंत चढते तिथे गलबत थांबते आणि पुढचा माल बैलाच्या पाठीवर जातो. अशा जागी बाजारपेठ उभी राहते. पेणेजवळ भोगावती खाडीला मिळते आणि अंतोरे बंदरातून माल मुंबईच्या बंदराकडे जाई. नागोठणे अंबा नदीवर आहे, तिचे पाणी धरमतरच्या खाडीतून बाहेर पडते. रोहे आणि अष्टमी कुंडलिकेच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत आणि कुंडलिकेचे तोंड रेवदंडा व कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते. या गावांतून तांदूळ, मीठ आणि लाकूड खाली समुद्राकडे जाई, तर वर बोरघाट, कुरवंडे व सवाष्णीच्या वाटांनी मीठ आणि बंदरी माल देशावर चढे.

या मुलखाच्या संरक्षणाचा प्रश्न या भूगोलातूनच निर्माण झाला. इथे सत्ता टिकवण्यासाठी तीन ठिकाणे हाती असावी लागत: खाडीचे तोंड, मधला डोंगर आणि घाटमाथा. खाडीच्या तोंडावर ज्याचे आरमार त्याच्या हाती व्यापार, मधल्या डोंगरावर ज्याचा गड त्याच्या हाती सारा, आणि घाट ज्याच्या ताब्यात त्याला देशावरून फौज उतरवता येई. सोळाव्या शतकापासून १८१८ पर्यंत ही तिन्ही ठिकाणे फार काळ एका हाती राहिली नाहीत. पेण-रोह्याचा इतिहास बहुधा मराठे आणि सिद्दी यांच्या झुंजीपुरता सांगितला जातो. पण झुंजणारे बदलत गेले तरी झुंज त्याच तीन जागांसाठी चालू राहिली, हे त्या सांगण्यात निसटून जाते. पेण आणि रोहे ही स्वतः उघडी गावे होती. त्यांच्यावरचा अमल आसपासच्या गडांवरून चाले. गड पडला की गावाचा मालक बदले, मग गावात एकही तलवार उपसली गेलेली नसली तरी.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुजरातची सल्तनत आणि अहमदनगरची निजामशाही यांची सीमा याच भागातून जात होती. नागोठणे गुजरातकडे होते, चौल निजामशहाकडे. त्यात समुद्रावरून पोर्तुगीज आले. १५०८ मध्ये चौलसमोर इजिप्त आणि गुजरात यांच्या एकत्र आरमाराने त्यांचा पराभव केला आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेइदा तिथे मारला गेला. तरीही १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने त्यांनी चौलच्या खालच्या अंगाला, आजच्या रेवदंड्यात, किल्ला बांधायला घेतला. निजामशहाला घोडे हवे होते आणि गुजरातच्या आरमाराविरुद्ध पाठबळ हवे होते. त्यासाठी त्याने कुंडलिकेचे तोंड परक्याच्या हाती दिले, आणि रोह्याच्या व्यापाराचा दरवाजा पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ पोर्तुगिजांच्या तोफांखाली राहिला. १५२९ मध्ये हेक्तोर द सिल्व्हेराने नागोठण्याच्या खाडीत शिरून काठची गावे जाळली. खाडीच्या तोंडावरची सत्ता वरच्या टोकापर्यंत कशी पोहोचू शकते, हे या भागाला तेव्हा पहिल्यांदा कळले.

पेणच्या ईशान्येस सांकशीचा छोटा किल्ला आहे. पायथ्याच्या दर्ग्यामुळे त्याला बद्रुद्दीनचा किल्ला असेही म्हणतात. १५४० मध्ये या किल्ल्यावर आणि उत्तरेच्या कर्नाळ्यावर जे घडले त्यात पुढच्या सगळ्या काळाचा नमुना दिसतो. दोन्ही किल्ले गुजरातकडे होते. निजामशाही फौजेने ते घेतले. गुजरातच्या अंमलदाराने वसईच्या पोर्तुगीज कप्तानाकडे, फ्रान्सिस्को द मेनेझेसकडे, मदत मागितली आणि पोर्तुगिजांनी किल्ले परत मिळवून दिले. निजामशहाने पुन्हा फौज पाठवली, तेव्हा गुजरातच्या अंमलदाराने आपला हक्कच पोर्तुगिजांना देऊन टाकला. पण डोंगरावरचे हे किल्ले राखण्याचा खर्च मिळकतीहून जास्त होईल असा हिशेब गोव्यात झाला आणि वार्षिक रकमेच्या बोलीवर ते निजामशहालाच देण्यात आले. थोडक्या काळात दोन किल्ल्यांनी तीन मालक पाहिले. पायथ्याच्या गावांनी सारा कोणाला दिला आणि तो पुन्हा कोणी मागितला, याची नोंद कुठल्याच दरबाराने ठेवलेली नाही.

१५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला मोठा वेढा घातला आणि तो फसला. खाडीचे तोंड जमिनीवरून घ्यायचे तर मोठी फौज वारंवार खाली आणावी लागणार, हे त्या वेढ्याने दाखवले. नागोठण्याला अंबेवर जो जुना दगडी पूल आहे तो १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीनने बांधला असे सांगतात. तीन लाख रुपये खर्च आला आणि अहमदनगरची फौज चौलकडे नेता यावी हा त्यामागचा हेतू होता. गाव त्या पुलावरून बाजाराला जात असे, पण पूल बांधला गेला तो सैन्यासाठी. १५९४ मध्ये समोरच्या कोर्लईच्या टेकडीवर निजामशहाने किल्ला उभारून रेवदंड्याचा गळा आवळण्याचा प्रयत्न केला, तर पोर्तुगिजांनी तो किल्लाच जिंकून घेतला. त्यानंतर कुंडलिकेच्या तोंडाचे दोन्ही काठ त्यांच्याकडे राहिले.

इथे लष्करी सत्ता म्हणजे नेमके काय होते, हे पाहिले पाहिजे. फौजेने मुलूख घेतला आणि मग मुलकी कारभार सुरू झाला, असा क्रम इथे नव्हता. किल्ला हीच कचेरी होती. शिवकाळात गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत. किल्ल्या हवालदाराकडे, शिबंदीची आणि पगाराची नोंद सबनिसाकडे, धान्य-दारूगोळ्याचा साठा कारखानिसाकडे. एकाच्या फितुरीने गड जाऊ नये म्हणून अधिकार असा विभागलेला होता. आसपासच्या गावांचा तांदूळ, मीठ, तेल, सरपण आणि पावसाळ्याआधी छपरे शाकारायला लागणारे गवत गडावर चढे. गडाच्या भोवतालच्या गावांना घेरा म्हणत. रोहे तालुक्यात घेरासुरगड हे गावाचे नाव अजून आहे. ते गाव कोणासाठी वसलेले होते हे नावच सांगते. सुरगडावर देवनागरी आणि फारसी अशा दोन लिप्यांत कोरलेला शिलालेख आहे. त्यात गड बांधणाऱ्याबरोबर सुभेदार आणि हवालदार यांची नावे येतात. देवनागरी वाचणारा आणि फारसी वाचणारा, दोघांनाही कळावे की हा मुलूख कोणाच्या हुकमाखाली आहे. एवढ्या वेळा धनी बदललेल्या भागात ही खबरदारी समजण्यासारखी आहे.

१६३६ मध्ये मुघल आणि आदिलशहा यांनी निजामशाही वाटून घेतली आणि कोकणचा हा पट्टा आदिलशहाकडे गेला. कुंडलिकेच्या दक्षिणेला दंडा-राजपुरी आणि जंजिऱ्यावर सिद्दी होते. ते नावाला आदिलशाही सरदार आणि वागण्यात स्वतंत्र होते. १६४८ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तळे, घोसाळे, सुरगड, बिरवाडी या रोह्याभोवतीच्या गडांवर पकड बसवायला सुरुवात केली. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर पेणचा भागही स्वराज्यात आला. आदिलशाही सरदार अफझलखान महाराजांवर चालून आला तेव्हा सिद्दीने तळ्याला वेढा घातला होता; खान मारला गेल्याची बातमी येताच तो उठला. खान मारला गेला ती प्रतापगडची लढाई रोह्यापासून दूर झाली, पण तिने रोह्याच्या दक्षिणेची बाजू तेव्हा वाचवली.

मुघलांची फौज आली ती घाटावरून. मुघल सुभेदार शाइस्तेखानाने कार्तलबखानाला पेण-पनवेलकडे उतरून उत्तर कोकण घेण्यास पाठवले. मुघलांची सरदार रायबागन त्याच्याबरोबर होती. फेब्रुवारी १६६१ मध्ये अंबेच्या खोऱ्यात, चावणीजवळच्या उंबरखिंडीत, महाराजांनी त्याला गाठले. दोन्हीकडे दाट झाडी, वाट अरुंद, पाणी दूर. खानाने सामान टाकून, खंडणी देऊन सुटका करून घेतली. मात्र या विजयानंतरही कल्याण त्याच वर्षी मेमध्ये मुघलांच्या हाती गेले आणि युद्ध पेणच्या दारात आले. पेणजवळ मिऱ्या डोंगराच्या परिसरात नामदारखानाशी लढाई झाली आणि मराठ्यांच्या बाजूने वाघोजी तुपे, कावजी कोंढाळकर यांची नावे या काळातील लढायांत गाजली. उंबरखिंडीची लढाई सगळ्यांना ठाऊक आहे, पेणच्या लढाईची आठवण फार थोड्यांना आहे. पण पेणच्या माणसांना पुढे काही वर्षे मुघल ठाणी आणि मराठी गड यांच्यामध्ये जगावे लागले, ते उंबरखिंडीतल्या विजयाने टळले नाही.

जून १६६५ च्या पुरंदरच्या तहाने हीच परिस्थिती कागदावर आली. तेवीस किल्ले मुघलांना, बारा महाराजांकडे. मुघलांना दिलेल्यांत पेणच्या बाजूचे कर्नाळा आणि सागरगड होते. राखलेल्यांत रोह्याच्या बाजूचे तळे आणि घोसाळे होते. म्हणजे पेण आणि रोहे यांच्यामधून, एका दिवसाच्या वाटेवर, सरहद्द आली. १६७० मध्ये कर्नाळा परत घेतला गेला तेव्हा ती पुसली गेली.

त्यानंतरच्या दहा वर्षांत या भागाचे राजकारण जितके गुंतागुंतीचे झाले तितके आधी नव्हते आणि नंतरही झाले नाही. १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. बेटावर शेती थोडी, वस्ती वाढती. तांदूळ, सरपण, भाजीपाला समोरच्या किनाऱ्यावरून, म्हणजे महाराजांच्या पनवेल, पेण आणि नागोठण्याच्या खाड्यांतून येई. दुसरीकडे, १६७०-७१ मध्ये जंजिऱ्यात उलथापालथ झाली. किल्ला महाराजांना देण्याच्या विचारात असलेला सिद्दी प्रमुख फत्तेखान याला बाजूला सारून सिद्दी संबूल, कासिम आणि खैरियत यांनी सत्ता घेतली आणि औरंगजेबाचा आश्रय पत्करला. सिद्दी आता मुघल आरमाराचा प्रमुख झाला आणि सुरतेच्या वसुलातून त्याला तनखा मिळू लागला. फेब्रुवारी १६७१ मध्ये होळीच्या रात्री सिद्दी कासिमने दंडा-राजपुरी मराठ्यांकडून परत घेतली.

इंग्रजांची कोंडी इथे झाली. सिद्दीचे आरमार पावसाळा काढायला मुंबईच्या बंदरात येऊ मागे. नाही म्हणावे तर सुरतेची वखार मुघलांच्या हातात होती. हो म्हणावे तर समोरचा किनारा महाराजांचा, आणि तांदूळ तिथूनच यायचा. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने दोन्हीकडे पाय ठेवून दिवस काढले. त्याची किंमत खाडीकाठच्या गावांनी मोजली. ऑक्टोबर १६७३ मध्ये सिद्दीचे आरमार मुंबई बंदरात शिरले आणि तिथून पेण व नागोठण्याच्या खाड्यांत तुकड्या उतरवून त्यांनी गावे जाळली, माणसे धरून नेली. धरलेली माणसे गुलाम म्हणून विकली जात. तटस्थ बंदराच्या आडून झालेला हा हल्ला होता. अशी तटस्थता ज्यांच्या घरावर बेतते त्यांना ती तटस्थता वाटत नाही, ही गोष्ट मुंबईच्या कागदांत सापडत नाही.

पुढच्याच वर्षी इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन राज्याभिषेकाच्या निमित्ताने रायगडला गेला. तो मुंबईहून चौलला आला, तिथून कुंडलिकेतून होडीने अष्टमीपर्यंत चढला आणि पुढे निजामपूर, गांगवली करत पाचाडला पोहोचला. इंग्रजांच्या वर्णनांत अष्टमीचे नाव वेडेवाकडे लिहिलेले सापडते. मे महिन्याच्या उन्हात परक्या देशाचा वकील नजराणा घेऊन रोह्याच्या धक्क्याला उतरला आणि हमालांची, बैलांची सोय करत पुढे गेला, हे चित्र या गावाचे तेव्हाचे स्थान नेमके सांगते. राजधानी डोंगरात असली तरी तिचा बंदराचा दरवाजा रोह्यातून उघडत होता. ऑक्झिंडनने व्यापाराच्या सवलती मिळवल्या, राजापूरच्या इंग्रज वखारीच्या नुकसानीचा प्रश्न मांडला आणि सिद्दीशी समेट करावा असेही सुचवले. ते महाराजांनी मान्य केले नाही. मान्य करणे शक्यही नव्हते: जंजिरा सिद्दीकडे असेपर्यंत रोह्याच्या दक्षिणेचे एकही गाव सुरक्षित नव्हते.

सिद्दी मुंबईच्या बंदरात आश्रय घेतो, तर त्या बंदराच्या तोंडावरच पहारा बसवावा, हे उत्तर १६७९ मध्ये पुढे आले. ऑगस्टच्या अखेरीस महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी माणसे घेऊन खांदेरीच्या ओसाड बेटावर उतरला आणि तटाचे काम सुरू झाले. इंग्रजांनी बेटाला आरमाराचा वेढा दिला, मागून सिद्दीही आला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालच्या मराठी आरमाराने भर समुद्रात इंग्रजांना गाठले. त्यांचे डव्ह नावाचे जहाज पकडले गेले, केग्विनच्या रिव्हेंज या जहाजाने मात्र टिकाव धरला आणि मराठी गलबते नागोठण्याच्या खाडीच्या तोंडाकडे मागे गेली. त्या खाडीच्या उथळ पाण्यात इंग्रजांची खोल बुडाची जहाजे शिरू शकत नव्हती. मग रात्रीच्या अंधारात, भरतीचा अंदाज घेऊन, छोट्या होड्या खाडीतून निघत आणि तांदूळ, दगड, चुना, दारूगोळा खांदेरीवर पोहोचवत. तोफांच्या हिशेबात इंग्रज वरचढ होते. खाडीच्या हिशेबात नव्हते. शेवटी इंग्रजांनी वेढा उठवला आणि १६८० च्या सुरुवातीला समझोता केला. सिद्दीने समोरच्या उंदेरीवर आपला तट बांधला, आणि एकमेकांकडे तोफा रोखलेली ही दोन बेटे पुढे अनेक वर्षे तशीच राहिली.

या लढायांत शेतीचे काय होत होते, ते पेणेच्या खारांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. पेणच्या पश्चिमेची पुष्कळ भातजमीन ही खाडीकडून मिळवलेली खाजण जमीन आहे. समुद्राच्या बाजूने मातीचा, कुठे दगडांचा बांध घालतात. त्यात ठिकठिकाणी उघाडी ठेवतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर पडावे आणि भरतीला खारे पाणी आत येऊ नये अशी तिची रचना असते. हे बांध राखण्याची जबाबदारी घेणाऱ्यांकडे शिलोत्री नावाची वहिवाट होती आणि बांध राखण्याचा मोबदला म्हणून त्यांना भाताचा वाटा मिळे. बांधाला एक खांड पडली आणि ती पुढच्या उधाणाआधी बुजवली नाही, तर खारे पाणी शेतभर पसरते. मग पावसाने मीठ धुऊन निघून भात नीट यायला दोन-तीन वर्षे लागतात. बांध बुजवायला सगळ्या गावाचे हात एकाच वेळी लागतात. माणसे डोंगरात पळालेली असतील, धरून नेलेली असतील किंवा गडाच्या वेठीला लावलेली असतील, तर खांड तशीच राहते. जाळलेले घर एका उन्हाळ्यात उभे राहते, खारे झालेले शेत नाही. म्हणूनच दरेक सत्तेने मुलूख घेतल्यावर पहिले काम केले ते कौल देण्याचे: परत या, जमीन लावा, अमुक वर्षे सारा माफ किंवा कमी. कौल हा या भागातला खरा तहनामा होता, कारण तो रयतेशी केलेला होता.

संभाजी महाराजांच्या काळात दिल्लीच्या तख्ताचा वाद थेट अंबेच्या खोऱ्यात आला. औरंगजेबाविरुद्ध बंड केलेला शहजादा अकबर १६८१ च्या पावसाळ्यात दुर्गादास राठोडसह इथे उतरला आणि सुधागडाच्या पायथ्याशी, पालीजवळ, धोंडसे येथे राहिला. नोव्हेंबरमध्ये पादशहापूर येथे संभाजी महाराज त्याला भेटले. त्याच वर्षी संभाजी महाराजांविरुद्धच्या कटात सामील झाल्याच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद यांना याच परिसरात देहदंड झाला. वर्षाच्या अखेरीस जंजिऱ्याला वेढा पडला, पण हसनअलीखानाची मुघल फौज कल्याणकडे उतरल्याने जोर तिकडे वळवावा लागला. १६८३ मध्ये मराठी फौजेने पोर्तुगिजांच्या चौलला वेढा घातला. १६८४ च्या आरंभी शहाबुद्दीनखानाने निजामपूरपर्यंत येऊन जाळपोळ केली. सिद्दी, मुघल आणि पोर्तुगीज अशा तीन शत्रूंशी एकाच वेळी लढायची वेळ आली की सर्वांत जवळचा मुलूख सर्वांत जास्त भोगतो. तो मुलूख रोहे-पालीचा होता. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड मुघलांच्या हाती पडला आणि पुढे तो सिद्दीच्या ताब्यात गेला. आता रोह्याला आग्नेयेकडूनही सिद्दीच होता.

सावरायला सुरुवात केली ती कान्होजी आंग्र्यांनी. १७१३ च्या अखेरीस पेशवा बाळाजी विश्वनाथाशी झालेल्या समझोत्यात कान्होजींना सरखेलपद आणि दहा किल्ले मिळाले. त्यात खांदेरी, कुलाबा यांबरोबर रोह्याजवळचा अवचितगडही होता. छोट्या ठाण्यांत सागरगड आणि पेणेजवळचा मिरगड होते. आता खाडीचे तोंड राखणारे आरमार आणि खाडीमागचे गड एका घराण्याच्या हाती आले. इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांना कान्होजी एवढे जड गेले याचे कारण या जोडीत आहे, केवळ त्यांच्या धाडसात नाही. जुलै १७२९ मध्ये ते वारले आणि पुढे मुलांमध्ये फूट पडून १७३५ मध्ये मानाजी कुलाब्याला व संभाजी सुवर्णदुर्गाला असे दोन भाग झाले. ते भांडण झाले नसते तर पुढचे पाऊणशे वर्षांचे चित्र वेगळे दिसले असते.

१७३३ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी रसूल याकूतखान वारला आणि त्याच्या वारसांत तंटा लागला. ती संधी साधून बाजीराव पेशवे मेमध्ये राजपुरीवर उतरले आणि जूनमध्ये छत्रपतींच्या प्रतिनिधींनी रायगड परत घेतला. पण कान्होजींचे पुत्र सेखोजी आंग्रे ऑगस्टमध्ये वारले, पावसाळ्यात आरमार अडले, मुंबईकर इंग्रजांनी सिद्दीला पाठबळ दिले आणि जंजिरा राहिलाच. १९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळ बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पांनी सिद्दी सातचा पराभव करून त्याला ठार केले, तेव्हा या भागावरचा सिद्दीचा धाक संपला. त्या वर्षीच्या तहाने जंजिऱ्याच्या मुलखातील महालांच्या वसुलात मराठ्यांचा वाटा ठरला. एका गावाचा वसूल दोन सरकारांत वाटला जाण्याला दुअमल म्हणतात. लढणाऱ्यांसाठी ती तडजोड होती. गावकऱ्यासाठी तिचा अर्थ दोन कारकून, दोन शिपाई आणि एकाच ओट्यावर दोन पावत्या असा होता. १७३९ मध्ये पोर्तुगिजांची वसई मराठ्यांच्या हाती पडली, १७४० च्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, आणि १५२१ नंतर प्रथमच रोह्याची गलबते कोणाचा परवाना न घेता समुद्रात जाऊ लागली.

पुढची साठ वर्षे त्यामानाने शांत होती, पण गड रिकामे झाले नव्हते. अवचितगडाच्या बुरुजावर शके १७१८, नल संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा असा शिलालेख आहे. तो १७९६ चा गुढीपाडवा. आदल्या ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव वारले होते आणि पुण्यात पेशवेपद कोणाकडे जाणार याचा निकाल लागलेला नव्हता. कुलाब्याला रघूजी आंग्रे १७९३ मध्ये वारल्यापासून घरात वारसाचा तंटा होता. पुण्यात आणि कुलाब्यात कारभार डळमळीत असताना कुंडलिकेच्या काठी कोणीतरी सणाचा मुहूर्त साधून गडाच्या दगडावर तारीख कोरून घेत होता. सहा वर्षांनी, ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांपुढे हरलेले दुसरे बाजीराव पुण्याहून महाडच्या बाजूला उतरले, तिथून सुवर्णदुर्ग आणि मग वसई, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी इंग्रजांशी तह. समुद्र ज्याचा त्याच्या आश्रयाला जाण्याखेरीज पेशव्याकडे वाट उरली नव्हती.

१८१८ च्या पहिल्या काही महिन्यांत कर्नल प्रॉथरच्या फौजेने कर्नाळा, अवचितगड, सुरगड, तळे, घोसाळे असे एकेक गड घेतले. दीडशे वर्षे ज्यांच्यासाठी रक्त सांडले ते बहुतेक गड थोड्या प्रतिकाराने पडले. १० मेला रायगड तोफांच्या माऱ्याखाली शरण आला. गड आपोआप निकामी झाले नाहीत. समुद्र, खाडी आणि घाट ही तिन्ही ठिकाणे इंग्रजांच्या हाती आल्यावर मधल्या डोंगराला किंमत उरली नाही. कारभार गडावरून खाली उतरला आणि मामलेदाराच्या कचेरीत आला. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८२२ च्या तहाने इंग्रजांच्या अधिसत्तेखाली गेले. १८३९ मध्ये त्या घराण्याचा लहानगा वारस, दुसरा कान्होजी, वारल्यावर १८४० मध्ये ते खालसा झाले. १८६९ मध्ये कुलाबा जिल्हा वेगळा झाला आणि पेण, रोहे त्याचे तालुके ठरले. रोह्याच्या दक्षिणेला जंजिरा संस्थान मात्र सिद्दी नवाबाकडे राहिले; मार्च १९४८ मध्ये ते विलीन होईपर्यंत तालुक्याच्या त्या अंगाची हद्द दुसऱ्या राज्याला लागून होती. १ जानेवारी १९८१ पासून जिल्ह्याला रायगड हे नाव आहे.

रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांची पालखी दसऱ्यानंतर निघते, तेव्हा देवळासमोर पोलिसांची सशस्त्र तुकडी रांगेत उभी राहून तिला सलामी देते. इंग्रजी अमलात सुरू झालेली ही प्रथा आजही चालू आहे.